रोजची प्रार्थना पुन्हा पुन्हा का सुटते, आणि सुटली की काय करायचं

रिट्रीट (प्रार्थनेसाठी काढलेले एकांताचे दिवस) होते, किंवा प्रायश्चित्तकाळ (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू होतो, किंवा बऱ्याच दिवसांनी मनापासून पापनिवेदन (धर्मगुरूंपुढे पापांची कबुली) घडतं. माणूस ठरवतो की उद्यापासून सकाळी प्रार्थना, रात्री रोझरी (मण्यांवर म्हणायची जपमाळ) आणि रोज बायबलचा एक अध्याय. काही दिवस सगळं छान चालतं. मग एक रात्र चुकते. दुसऱ्या रात्री आठवण होते, पण उठवत नाही. तिसऱ्या रात्री ती आठवणही नकोशी वाटते. असे कित्येक आठवडे जातात. रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) तेवढी चालू असते. पुढच्या पापनिवेदनात पुन्हा तेच वाक्य येतं, "फादर, रोजची प्रार्थना होत नाही." पुन्हा निश्चय होतो आणि पुन्हा तशीच घसरण.

हे चक्र ज्यांच्या आयुष्यात वर्षानुवर्षं चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ज्यांना प्रार्थनेशी देणंघेणंच नाही त्यांना हा त्रास होत नाही. तो होतो देव हवासा वाटणाऱ्यांनाच. आपण समजतो की उत्साह कमी पडला, आणि म्हणून दर वेळी आधीपेक्षा मोठा निश्चय करतो. माझ्या मते बिघाड तिथे नसतो. एक दिवस प्रार्थना चुकल्याने फार काही मोडत नाही. मोडतं ते दुसऱ्या दिवशी, परत जायची लाज वाटते तेव्हा. दुरुस्तीही तिथेच करावी लागते.

आधी निदान

"प्रार्थना होत नाही" या एकाच तक्रारीमागे वेगवेगळी कारणं असतात आणि त्यांचे उपायही वेगळे असतात. आळस नसताना स्वतःला आळशी ठरवलं तर औषध चुकतं.

साधा थकवा हे पहिलं कारण. बायबलच्या १ राजे या पुस्तकात, अध्याय १९ मध्ये, एलिया संदेष्टा झुडपाखाली आडवा पडून देवाकडे मरण मागतो. देवदूत त्याला बोल लावत नाही. त्याला उठवतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, मग दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावतो. होरेब डोंगरापर्यंतचा चाळीस दिवसांचा प्रवास त्यानंतरचा आहे. ज्याची झोपच पुरी होत नाही त्याने आधी झोपेची वेळ सुधारावी. रात्री डोळे मिटत असताना रोझरी म्हणण्याचा हट्ट सोडून ती संध्याकाळी किंवा सकाळी म्हणावी. यात कमीपणा काही नाही.

दुसरं कारण, आयुष्याची घडी बदललेली असते. बाळ झालं, रात्रपाळी लागली, घरात आजारी माणूस आहे. जुना नियम जुन्या दिवसाला बेतलेला होता, तो आता बसणारच नाही. इथे नवा नियम बनवावा लागतो. स्वतःला दोष देत जुन्याच नियमाला धरून बसणं व्यर्थ आहे.

तिसरं जरा काळजीचं. प्रार्थनाच नव्हे, कशातच मन लागत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, जगावंसं वाटत नाही, असं आठवडे चाललं असेल तर डॉक्टरांकडे जा. नैराश्य हा आजार आहे. त्यावर उपचार घेण्यात श्रद्धेची कमतरता कुठेच नाही. जीव द्यावासा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. आजच घरच्या कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या.

ही तीन कारणं बाजूला केल्यावर दोनच गोष्टी उरतात, शुष्कता आणि आध्यात्मिक आळस. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

शुष्कता की आळस?

क्रुसाचे संत योहान (१५४२–१५९१) यांनी यासाठी खुणा देऊन ठेवल्या आहेत. शुष्कतेत देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण जगातल्या इतर गोष्टींतही वाटत नाही. मन मात्र देवाकडेच ओढलेलं असतं. आपण मागे पडतो आहोत, देवाची सेवा करत नाही, अशी बोचणी सतत लागून राहते. शिवाय पूर्वीसारखं मनन करायला गेलं तर ते जमतच नाही. आळसात उलट घडतं. देवाच्या गोष्टींचा कंटाळा येतो, पण बाकी सगळ्याची चव शाबूत असते, आणि त्या कंटाळ्याची मनाला फारशी टोचणीही नसते.

तेव्हा स्वतःला विचारायचा प्रश्न सरळ आहे. प्रार्थना सुटली त्या वेळात मी काय केलं? बसलो, प्रयत्न केला, कोरडाच उठलो, तर ती शुष्कता आहे आणि प्रार्थना झालेली आहे. बसलोच नाही आणि तो वेळ मजेत दुसरीकडे गेला, तर तो आळस.

शुष्कतेला घाबरू नका. अविलाच्या संत तेरेजा (१५१५–१५८२) यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की कित्येक वर्षं प्रार्थनेच्या तासात त्यांचं लक्ष तास कधी संपतो याकडे असायचं, घड्याळाचे ठोके ऐकण्याकडे कान असायचा. लिझ्यूच्या संत तेरेजा (१८७३–१८९७) यांना प्रार्थनेत झोप लागायची, आणि एकटीने रोझरी म्हणणं त्यांना फार जड जायचं. मन अगदी कोरडं असलं की प्रभूची प्रार्थना (येशूने शिकवलेली) आणि नमो मरिया (मरियेला केलेली प्रार्थना) त्या अतिशय सावकाश म्हणायच्या, तेवढ्यावरच त्यांच्या आत्म्याचं पोषण व्हायचं. दोघीही आज ख्रिस्तसभेच्या (चर्चच्या) धर्मपंडित, म्हणजे ज्यांची शिकवण सगळ्यांसाठी मोलाची मानली जाते अशा संत, म्हणून गौरवल्या जातात. गोडी नसताना केलेली प्रार्थना देवाने कमी मानली असती, तर त्यांचं अर्धं आयुष्य वाया गेलं असतं.

आळस कसा दिसतो

आळस म्हटलं की लोळत पडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. आध्यात्मिक आळस पुष्कळदा तसा दिसत नाही. इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इवाग्रियस (मृत्यू ३९९) या तपस्व्याने त्याचं वर्णन केलं आहे. ते वाचताना अंगावर येतं, इतकं ते आजचं वाटतं. स्तोत्र ९१ मध्ये भर दुपारी नाश करणाऱ्या अरिष्टाचा उल्लेख आहे, त्यावरून त्याने याला दुपारचा सैतान म्हटलं. खोलीत बसलेल्या तपस्व्याला वाटतं की सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा झाला आहे. तो पुन्हा पुन्हा खिडकीतून डोकावतो, बाहेर येऊन जेवणाची वेळ किती दूर आहे हे उन्हावरून मोजतो, कुणी बंधू भेटायला येतोय का ते पाहतो. मग ही जागाच नकोशी होते, हातातलं कामही. इथे कुणाचं कुणावर प्रेम उरलेलं नाही, कुणी धीर देणारं नाही, असं वाटू लागतं. आणि मग छान, पटण्यासारखा विचार येतो की देवाला प्रसन्न करायला काही हीच जागा लागते असं नाही, दुसरीकडे गेलं तर बरं.

आता आपली रात्र पाहा. अंथरुणाशी आलो, हातात फोन आहे तो सकाळचा गजर लावायला. गजर लागतो, पण एक मेसेज दिसतो, त्याला उत्तर जातं. मग एक बातमी, मग कुणाचे फोटो. अर्धा तास गेल्यावर क्रुसाकडे नजर जाते आणि मन म्हणतं, आता फार थकलो, घाईघाईने उरकण्यात काय अर्थ, उद्या नीट करू. या विचारात वाईट असं काहीच दिसत नाही. उलट देवाबद्दल आदरच वाटतो. म्हणूनच तो इतका सहज खपून जातो. माझं निरीक्षण असं आहे की जितक्या प्रार्थना "आज करायची नाही" म्हणून सुटतात, त्याहून कितीतरी जास्त "उद्या नीट करू" म्हणून सुटतात.

आणखी एक रूप ओळखायला अवघड आहे, ते म्हणजे धर्मग्रामाच्या (आपल्या स्थानिक चर्चच्या) कामात गढून जाणं. गायनमंडळ, समितीच्या सभा, सणाची तयारी, गरिबांना मदत. सगळी कामं चांगली. पण ज्याच्यासाठी ही कामं करतो त्याच्यासमोर दहा मिनिटं गप्प बसणं टाळायला ती उपयोगी पडू लागली, की तोही आळसच. संत थॉमस अक्वायनस (१२२५–१२७४) यांनी या पापाची व्याख्या देवाच्या चांगुलपणाविषयी वाटणारा विषाद अशी केली, ती इथे नेमकी लागू पडते. देव मैत्री देऊ करतो. मैत्री म्हटली की बदलणं आलं, आणि त्या बदलण्याचं आपल्याला ओझं वाटतं. कॅथलिक कॅटेकिझमचा (ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीच्या अधिकृत ग्रंथाचा) परिच्छेद २०९४ हेच सांगतो की हा आळस देवापासून येणारा आनंदच नाकारण्यापर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे हे पाप वेळेच्या नियोजनाचं नाही, प्रेमाविरुद्धचं आहे. हे ऐकायला कठोर वाटेल, पण आशेची जागाही इथेच आहे, कारण प्रेम परत मागता येतं.

पहिली दुरुस्ती: चुकल्याच्या दुसऱ्या दिवशी

प्रार्थना चुकली हे ज्या क्षणी लक्षात येईल, त्याच क्षणी, जिथे असाल तिथे, क्रुसाची खूण करा आणि प्रभूची प्रार्थना एकदा सावकाश म्हणा. बसमध्ये असाल तर मनातल्या मनात. एवढं झालं की आजच्या दिवसापुरते तुम्ही परत आलात. रात्रीची वाट पाहू नका, सोमवारची नको, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची नको.

बाकी भरून काढू नका. काल रोझरी राहिली म्हणून आज दोन म्हणायच्या, हा हिशेब प्रार्थना टिकू देत नाही. चौथ्या दिवशी चार रोझऱ्यांचा डोंगर समोर दिसतो आणि माणूस मागच्या दाराने निघून जातो. तुमची कालची थकबाकी ख्रिस्ताने क्रुसावर फेडलेली आहे. तुम्ही फक्त आजची प्रार्थना करा.

लाजेबद्दल एक सांगायला हवं. इतके दिवस तोंड दाखवलं नाही, आता कुठल्या तोंडाने जाऊ, आधी जरा सुधारतो आणि मग प्रार्थनेला बसतो, असं वाटतं. अविलाच्या तेरेजांचं हेच झालं होतं. आपल्यासारख्या पापी बाईने देवाशी इतकी जवळीक करावी हे योग्य नाही, असं मानून त्यांनी वर्षभराहून अधिक काळ मनाची प्रार्थना सोडली होती. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की नम्रतेच्या सोंगाने आलेली ती सैतानाची सगळ्यात भयंकर फसवणूक होती. प्रार्थना सोडून कुणी सुधारत नाही. सुधारणा हवी असेल तर आहे त्या अवस्थेत बसावं लागतं, आणि लूकच्या १८व्या अध्यायातल्या जकातदारापाशी त्या वेळी बोलायला एकच वाक्य होतं, "हे देवा, मज पाप्यावर दया कर."

नियम लहान हवा, पण ठाम

मोठे निश्चय बहुतेक वेळा सांत्वनाच्या, म्हणजे प्रार्थनेत गोडी वाटते अशा काळात होतात. रिट्रीटमध्ये मन भरून आलेलं असतं, तेव्हा रोज एक तास अगदी सोपा वाटतो. तो तास कोरड्या मंगळवारी निभावत नाही. म्हणून नियम ठरवताना विचार करावा तो सर्वात वाईट दिवसाचा. ताप आहे, पाहुणे आहेत, कामावरून उशीर झाला आहे, अशा दिवशीही जेवढं होईल तेवढाच नियम. माझ्या मते सकाळी तीन मिनिटं आणि रात्री पाच मिनिटं ही बऱ्याच जणांसाठी चांगली सुरुवात आहे. उरलेल्या दिवशी जे जास्त होईल ते देवाला मनापासून दिलेलं दान समजा. त्याला नियमात घालू नका.

नियमाला जागा हवी, वेळ हवी, आणि शब्द हवेत. "सकाळी कधीतरी" ही वेळ नव्हे. "उठल्यावर, फोनला हात लावण्याआधी, खिडकीपाशी उभं राहून" ही वेळ आहे. शब्दही आधीच ठरलेले हवेत, कारण डोळे चोळत असताना कुणाला प्रार्थना सुचत नाही. स्तोत्र ५१ मधली ओळ, "हे प्रभू, माझे ओठ उघड," हिने ख्रिस्तसभेची रोजची स्तोत्रप्रार्थना सुरू होते. तीच घ्या. मग प्रभूची प्रार्थना, नमो मरिया, आणि आजच्या दिवसातली सगळ्यात अवघड वाटणारी एक गोष्ट नाव घेऊन देवाच्या हाती द्या. झालं.

रात्रीसाठी संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी दिलेलं आत्मपरीक्षण मला सगळ्यात उपयोगी वाटतं. त्याच्या पाच पायऱ्या आहेत. आधी आभार, मग पापं ओळखण्यासाठी कृपा मागणं, मग दिवस तासातासाने डोळ्यांसमोरून नेणं, मग क्षमा, आणि शेवटी उद्यासाठी सुधारणेचा निश्चय. पुष्कळ जण पहिली पायरी गाळून थेट चुका मोजायला लागतात आणि आठवडाभरात कंटाळतात. आभारांना निम्मा वेळ द्या. सकाळच्या उन्हाबद्दल, कुणी धरून ठेवलेल्या दाराबद्दल, टळलेल्या भांडणाबद्दल आभार मानलेला माणूस स्वतःच्या पापाकडेही न घाबरता पाहू शकतो.

इग्नेशियस यांचे आणखी दोन नियम या दुरुस्तीचा कणा आहेत. पहिला असा की मन विषण्ण असताना आधी केलेला निश्चय कधीही बदलू नये. रात्री साडेअकराला अंथरुणावर पडून "हा नियम मला झेपत नाही, कमी करू" असं ठरवायचं नाही. नियम खरंच मोठा असेल तर तो कमी करायला काहीच हरकत नाही, पण ते दिवसाउजेडी, शांत मनाने, शक्य असेल तर धर्मगुरूंशी बोलून करावं. दुसरा नियम असा की उठावंसं वाटत असेल तेव्हा ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्त बसावं. त्यांनी हे तासाभराच्या मननाबद्दल सांगितलं. पाच मिनिटांच्या प्रार्थनेत ते एका मिनिटाने पाळता येतं. त्या एका मिनिटात काही विशेष अनुभव येईल असं नाही. पण कंटाळा म्हणतो ऊठ आणि तुम्ही बसून राहता, तेव्हा कंटाळ्याचा शब्द अखेरचा राहत नाही.

फोनचा प्रश्न फार बोलण्यासारखा नाही. गजरासाठी साधं घड्याळ आणा आणि रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. प्रार्थना फोनवरच्या अॅपवरून म्हणत असाल तर सुटण्याच्या काळात तरी छापील पुस्तक हातात घ्या.

मन भटकतं तेव्हा

बसलात, सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला मन विजेच्या बिलावर गेलं. यामुळेही पुष्कळ जण प्रार्थना सोडतात. अशी प्रार्थना काय कामाची, असं त्यांना वाटतं. कॅटेकिझमच्या परिच्छेद २७२९ मध्ये यावर शहाणा सल्ला आहे. भटकणाऱ्या विचारांच्या मागे लागून त्यांची शिकार करू नका, तोच तर सापळा आहे. फक्त आपल्या हृदयाकडे परत या. आणि मन कुठे गेलं होतं ते पाहून घ्या, कारण आपण कशाला बांधले गेलो आहोत हे त्यातून कळतं. बिलाची काळजी आहे ना? मग देवाला तीच सांगा. संत फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) यांची सगळी शिकवण अशीच सौम्य आहे. मनाला रागावून ओढू नये, हळुवारपणे पुन्हा प्रभूपाशी आणून ठेवावं, आणि तासभर हेच करावं लागलं तरी तो तास वाया गेला असं मानू नये.

शब्दच सुचत नसतील तर उसने घ्या. इवाग्रियसने यासाठी शास्त्रवचनांचा मोठा संग्रहच केला होता. प्रत्येक मोहाच्या विचाराला बायबलमधल्या एका वचनाने उत्तर द्यायचं, अशी त्याची पद्धत होती. आळसासाठी तो स्तोत्र ४२ कडे वळतो. तिथे स्तोत्रकर्ता स्वतःच्याच जिवाशी बोलतो, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? देवाची आशा धर." ही ओळ पाठ करून ठेवा. कंटाळा आला की मोठ्याने म्हणा. रोझरीचं एकच दशक (दहा नमो मरियांचा एक भाग) होत असेल तर एकच म्हणा. पूर्ण रोझरी वीसेक मिनिटांची असते. तेवढा वेळ नाही म्हणून एक दशकही न म्हणणं ही पुन्हा तीच "उद्या नीट करू"ची चाल आहे.

आळसापासून पळू नका

थॉमस अक्वायनस यांचा एक विचार मला या सगळ्यात फार मोलाचा वाटतो. ते म्हणतात की काही मोहांवर पळून मात करायची असते, काहींवर ठाण मांडून. वासनेचा विचार जितका घोळवाल तितका वाढतो, म्हणून तिथून पळावं. आळसाचं उलटं आहे. देवाच्या गोष्टींचा विचार जितका जास्त करू तितक्या त्या आवडू लागतात आणि आळस ओसरतो. आपण नेमकं उलटं करतो. प्रार्थनेचा कंटाळा आला की प्रार्थनेपासूनच दूर जातो, "गोडी परत येईल तेव्हा बसू" म्हणतो. दूर राहिल्याने ती गोडी येत नाही.

म्हणून दिवसात एकदा तरी देवाच्या चांगुलपणाचा एखादा ठोस विचार मनात घोळवा. आजच्या शुभवर्तमानातलं एकच वाक्य घ्या आणि काम करता करता ते चघळत राहा. संत बेनेडिक्ट यांच्या मठाच्या नियमात, ४८व्या अध्यायात, वाचनाच्या वेळी एक-दोन ज्येष्ठांनी मठात फिरून पाहावं अशी सूचना आहे. एखादा आळसावलेला बंधू वाचन सोडून गप्पा मारत बसला आहे का, हे त्यांनी बघायचं. सहाव्या शतकातल्या मठातसुद्धा हे एकट्याच्या भरवशावर सोडलं नव्हतं. तुम्हीही कुणालातरी सांगून ठेवा. नवरा-बायको असाल तर रात्री एकमेकांना एवढंच विचारा, "आज झालं का?" टोमणा नको, उपदेशही नको. एकाचं राहिलं असेल तर दोघांनी मिळून एक नमो मरिया म्हणा. मुलं असतील तर त्यांनाही बोलवा. मुलं नियम मोडू देत नाहीत.

पापनिवेदनात काय सांगायचं

रविवारची मिस्सा जाणूनबुजून, गंभीर कारण नसताना चुकवणं हे गंभीर पाप आहे. रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेला तसा आज्ञेचा नियम नाही. ख्रिस्तसभा ती श्रद्धावंतांच्या जीवनाची लय म्हणून पुढे ठेवते. तेव्हा एक रात्र रोझरी राहिली म्हणून पवित्र कम्युनियन (मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद) घ्यावं की नाही अशा भीतीत राहू नका. अशी भीती सतत छळत असेल तर तीच धर्मगुरूंना सांगा, कारण तिचा उपचार वेगळा आहे. देवाकडे पाठ फिरवायचं मनाने पूर्ण कबूल करणं ही मात्र वेगळी आणि गंभीर बाब आहे. अंगातली मरगळ आणि मनाची संमती यांत अक्वायनस यांनीही फरक केला आहे.

"प्रार्थना केली नाही" एवढं वाक्य पुरेसं असतं, पण त्याने फादरांना तुम्हाला मदत करता येत नाही. असं सांगून पाहा, "मला वेळ होता. मी तो फोनवर घालवला. आठवण झाली तेव्हा लाज वाटली म्हणून आणखी टाळलं. हे असं पुन्हा पुन्हा होतंय." इग्नेशियस म्हणतात की सैतान लपूनछपून प्रेम करणाऱ्या फसव्या माणसासारखा वागतो. त्याला सगळं गुपित राहायला हवं असतं, आणि त्याची चाल कुणा जाणत्या माणसाला कळली की त्याचं काही चालत नाही. लाजेचं चक्र मोडायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

तरीही सुटत राहिली तर

लहान नियम करून, फोन दूर ठेवून, चुकल्याबरोबर परत येऊनही काही महिन्यांत तीच अवस्था आली, तर आणखी एका जागी पाहा. देवासमोर गेलं की जो विषय निघेल अशी भीती वाटते, असं काही आहे का? न सोडलेलं एखादं पाप, परत न केलेले पैसे, भावाशी वर्षानुवर्षं धरलेला अबोला. मार्कच्या ११व्या अध्यायात प्रभू येशू सांगतात की प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. बरेचदा माणूस प्रार्थना टाळत नसतो, तो विषय टाळत असतो. तिथे प्रार्थनेचं नवं पुस्तक कामाचं नाही. एक फोन किंवा एक पत्र लागतं. क्षमा करण्याइतकं बळ नसेल तर निदान "प्रभो, मला क्षमा करायची इच्छा दे" एवढंच रोज मागा. हीसुद्धा प्रार्थना आहे आणि ती नियमात बसते.

आणि नियम महिन्यातून एकदा तपासा, पापनिवेदनाच्या आधी. किती दिवस चुकले ते मोजू नका. चुकल्यावर परत यायला किती वेळ लागला ते पाहा. पूर्वी तीन आठवडे लागायचे आणि आता दोन दिवस लागत असतील, तर नियम काम करतो आहे, तोच पुढे चालू ठेवा. अंतर वाढत असेल तर नियम आणखी लहान करा आणि धर्मगुरूंना दाखवा.